मंगळवारची नखं

भैय्यालाल रंगारी यांनी जन्मात कुणाला आपखुशीने आपल्या पायाला हात लावू दिला नाही. एक बायको, अंजनाबाई, सोडून. आणि अंजनाबाईंना जाऊन आता दोन वर्षं होत आली होती.

हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे झालं ते सगळं या एका हट्टापायी झालं. दुखणं तसं क्षुल्लकच होतं. उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख कोपऱ्यात रुतलं होतं. पण तेवढ्याशा नखाने सहासष्ट वर्षांच्या, सिलतऱ्याच्या लोखंडाच्या भट्टीपुढे पंचवीस वर्षं उभ्या राहिलेल्या माणसाला रायपूरजवळच्या बीरगावच्या घरात खुर्चीला खिळवून ठेवलं. आणि अंगात साखर असली की अंगठ्याचं दुखणं अंगठ्यापुरतं राहत नाही, हे शहाण्याला सांगायला नको. भैय्यालाल शहाणे होतेच, पण दुसऱ्यांच्या बाबतीत.

हट्ट त्यांच्या वडिलांचा होता. वडील मूळचे तुमसरकडचे. गावी मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरासमोरून जायचं तर वहाणा हातात घ्याव्या लागत, आणि मालगुजार ओट्यावर बसलेला दिसला की जमिनीला कपाळ टेकवावं लागे. मग रेल्वेच्या गँगमध्ये काम लागलं, रायपूरला आले, छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, आणि परत आल्यावर घरात त्यांनी एकच कायदा केला. आपण कोणाच्या पायाला हात लावायचा नाही आणि कोणाला आपल्या पायाला लावू द्यायचा नाही. दोन वर्षांनी जन्मलेल्या भैय्यालालना हा कायदा दुधासोबतच मिळाला.

आता रायपुरात हा कायदा पाळणं म्हणजे काय, ते रायपुरात राहणाऱ्यालाच ठाऊक. इथे उठता-बसता पाया पडायची रीत. दुकानदाराचा मुलगा पडतो, भाडेकरू पडतो, मत मागायला आलेला तर आधी तेच करतो. भैय्यालाल दोन पावलं मागे सरून "जयभीम, जयभीम" म्हणत हात जोडत. मुलगा यशदीप याने रीनाशी लग्न केलं तेव्हा तर मजाच झाली. रीना धमतरीकडच्या छत्तीसगढी घरातली पोर. उंबरठा ओलांडून आत आली ती सरळ वाकलीच. भैय्यालाल असे काही मागे उडाले की मागच्या कूलरवर जाऊन आदळले, आणि कूलरचं पाणी नव्या नवरीच्या साडीवर. अंजनाबाई हसून हसून खाली बसल्या होत्या. "अशी नको करू बेटा," त्या रीनाला म्हणाल्या, "इकडे पायाले करंट आहे."

मग अंजनाबाईंना तो करंट काहून लागत नव्हता, असं कुणीही विचारील. त्याला कारण होतं प्लांटचे बूट.

त्र्याण्णव साली भैय्यालाल सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या प्लांटमध्ये लागले, तेव्हा स्टोअरमध्ये आठ नंबरचे सेफ्टी बूट संपले होते. स्टोअरवाला म्हणाला, पुढच्या महिन्यात येतील. तोवर सात नंबर घाला. पुढचा महिना यायला दीड वर्ष लागलं. त्या बुटांना पुढे लोखंडी टोपी असते, पायावर काही पडलं तर बोटं वाचावीत म्हणून. पण आत आठ नंबरचा पाय सात नंबरच्या टोपीत दिवसाचे नऊ तास कोंबलेला, त्यात भट्टीची ऊब आणि घाम. चार महिन्यांत अंगठ्याचं नख मांसात शिरलं. भैय्यालाल एका टाचेवर सायकल मारत सिलतऱ्याहून बीरगावला आले, आणि दुसऱ्या दिवशी अंजनाबाई त्यांना घेऊन प्लांटच्या दवाखान्यात गेल्या.

तिथे एक म्हातारा कंपाउंडर होता. त्याने नख मोकळं केलं आणि पुढे ते कसं सांभाळायचं ते सांगितलं. सांगत होता भैय्यालालना, पण भैय्यालाल शरमेने खिडकीबाहेर बघत बसले होते, कारण परका माणूस त्यांचा पाय धरून होता. ऐकलं सगळं अंजनाबाईंनी. चौथी शिकलेली बाई, पण एकदा ऐकलेलं विसरणारी नव्हती.

तेव्हापासून मंगळवार ठरला. प्लांटची साप्ताहिक सुट्टी मंगळवारी असायची. सकाळी चहा झाला की अंजनाबाई मोठ्या गंजात, म्हणजे रुंद पातेल्यात, कोमट पाणी घेत, त्यात मूठभर मीठ टाकत आणि कोपर बुडवून बघत. मग भैय्यालालनी अंगणातल्या खाटेवर बसून पाव तास त्यात पाय सोडून बसायचं. नखं मऊ झाली की त्या समोर पाटावर बसत, मांडीवर जुना टॉवेल टाकत, त्यावर त्यांचा पाय घेत आणि नखं कापत. अगदी सरळ. दाराच्या चौकटीसारखी. कोपरा गोल करायचा नाही, आत खणायचं नाही. जास्त आखूड करायचं नाही, बोटाच्या टोकाशी बरोबर ठेवायचं. मग कापसाची बारीक वात करून, खोबरेल तेलात बुडवून, ती अंगठ्याच्या नखाच्या कोपऱ्याखाली अलगद सरकवायची, म्हणजे नख वर उचललेलं राहतं आणि मांसात न घुसता पुढे येतं.

भैय्यालालना ते सरळ नख बिलकूल आवडत नसे. "हे काय फावडं करून ठेवलं," ते म्हणत. "जरा गोल कर ना, माणसासारखं."

"माणसासारखं चालाचं आहे का दिसाचं आहे?" अंजनाबाई विचारत.

पहिल्या मंगळवारी भैय्यालालनी पाय मागेच ओढला होता. बापाचा कायदा आठवला होता. अंजनाबाईंनी घोटा धरून ठेवला. "हे पाया पडणं नाही," त्या म्हणाल्या. "हे काम आहे. मी तुमचं शर्टाचं बटन लावते तसं." भैय्यालालनी पाय तिथेच राहू दिला, आणि त्यांनी हे मान्य केलं असं पुढची तीस वर्षं धरण्यात आलं.

शेजारच्या शेवंताबाईंना मात्र हे भारी खुपायचं. मंगळवारी कुणी नखं कापतं का? त्या भिंतीवरून डोकावून सांगत, घरातली लक्ष्मी जाते, आयुष्य कमी होतं, आणखी काय काय. अंजनाबाई मान वर न करता म्हणत, "मंगळवारी याईची सुट्टी असते, शेवंताबाई. नखाले थोडंच समजते कोणता वार आहे." आणि नेलकटरचा आवाज मुद्दाम जरा मोठा काढत.

तो एक तास त्या दोघांचा होता. बाकी आठवडाभर भैय्यालाल शिफ्टमध्ये, नाहीतर विहाराच्या कामात, नाहीतर झोपेत. पण मंगळवारी त्यांचा पाय अंजनाबाईंच्या मांडीवर असे आणि माणूस जागचा हलू शकत नसे. घराचं प्लास्टर कधी करायचं, नणंदेच्या पोरीला कोणतं स्थळ, यशदीपला सायन्स की कॉमर्स, सगळं तिथेच ठरलं. यशदीपचं रीनाशी जमलंय हेही अंजनाबाईंनी असंच एका मंगळवारी सांगितलं. भैय्यालालचा पारा चढला, ते उठायला गेले, पण पाय पकडलेला. "बसा," अंजनाबाई म्हणाल्या, "अजून तीन बोटं आहेत." मधल्या बोटापर्यंत राग अर्धा झाला आणि करंगळीला ते विचारत होते की पोट्टीचे वडील काय करतात. आजही भैय्यालाल ही गोष्ट सांगतात तेव्हा आधी हसतात आणि मग चष्मा पुसतात.

रिटायर झाल्यावर सुट्टीचा प्रश्न उरला नाही, तरी वार मंगळवारच राहिला. मग दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात अंजनाबाईंना ताप आला, छातीत कफ भरला आणि अकरा दिवसांत त्या गेल्या.

पहिले काही महिने भैय्यालालनी नखांकडे पाहिलंच नाही. कशाकडेच पाहिलं नाही म्हणा. मग एक दिवस बोट चादरीत अडकलं तेव्हा नेलकटर घेऊन बसले. पोट मध्ये येतं, डोळ्यांना नीट दिसत नाही, गुडघा वाकवून पाय जवळ घेतला तर पोटरीत गोळा येतो. कसंबसं कापलं. आणि आता अडवणारं कुणी नव्हतं, म्हणून आयुष्यभराची हौस भागवली. छान गोल कापलं.

थोड्या दिवसांनी कोपरा दुखू लागला. तेव्हा त्यांनी सल्ला विचारला तो शंकरला. शंकर हा प्लांटमधला जुना फिटर, त्याच पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, राहणारा. लोखंडाच्या कोणत्याही दुखण्यावर त्याचा हात चाले, त्यामुळे माणसाच्याही चालतो अशी त्याची समजूत.

"कोपरा टोचते ना?" शंकर म्हणाला. "मंग कोपराच उडवून टाक. ब्लेड घे अन् आतपर्यंत काप. जे नाही ते टोचन कसं?"

हे ऐकायला इतकं बरोबर वाटतं की माणूस फसतोच. प्लांटमध्ये अर्ध्या लोकांनी हेच केलं होतं आणि अर्धे लोक लंगडत होते, पण तो हिशोब कुणी जुळवला नाही. भैय्यालालनी कोपरा काढला. आठ दिवस स्वर्ग. मग मोकळ्या झालेल्या जागेवर कडेचं मांस चढलं, आणि मागून वाढणारं नख, आत राहिलेल्या काट्यासकट, सरळ त्या मांसात घुसलं. पुन्हा ब्लेड. पुन्हा आठ दिवस, मग पाच दिवस, मग तीन. होळीपर्यंत अंगठा लाल होऊन सुजला होता. दुखणं मात्र पूर्वीसारखं कळवळायला लावणारं राहिलं नव्हतं, आणि भैय्यालाल समजले की बरं होऊन राहिलं. साखरेने बोटांची जाण कमी होते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल, तर ते खिडकीबाहेर बघत असतील.

एप्रिलच्या उन्हात सासरे घरात मोजे घालून बसतात, हे रीनाच्या लक्षात आलं. मग धुण्यात उजव्या मोज्याच्या टोकाला पिवळा-लाल डाग दिसला, आणि तिने मोजा तसाच यशदीपसमोर धरला.

यशदीप संध्याकाळी वडिलांसमोर येऊन बसला. "बाबा, मोजा उतारो."

"काहून?"

"दिखाओ तो सही."

"बूट चावला. काही नाही झालं."

"बूट तो आप दो महीने से पहन ही नहीं रहे."

भैय्यालालनी पाय खाटेखाली घेतले. यशदीप वाकला तसे ते ओरडलेच. पायाले हात लावाचा नाही म्हणून सांगितलं ना. यशदीप तेव्हा उठून गेला, पण सकाळी त्याने ऑफिसात रजेचा फोन केला, वडिलांना गाडीत बसवलं आणि रायपुरात बूढ़ापाऱ्यात नेलं. तिथे तलावाजवळच्या गल्लीत एका पुण्याकडच्या तरुण डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. स्वरदा त्यांचं नाव. साखरेच्या रोग्यांचे पाय बघणं हेच त्यांचं काम.

त्यांनी स्टूल ओढलं, भैय्यालालसमोर बसल्या आणि पाय उचलायला हात पुढे केला. भैय्यालालनी पाय मागे घेतला.

"डॉक्टरीणबाई, दुरून पाहा ना."

"काका, नख दुरून कसं दिसेल?"

"तुम्ही शिकल्या-सवरल्या बाई. तुम्ही काहून माझे पाय धराचे?"

स्वरदाबाईंनी मान वर करून पाहिलं. भैय्यालालच्या गळ्यातलं निळ्या दोरीतलं बाबासाहेबांचं छोटं पदक त्यांना दिसलं असावं. "मी पाया पडत नाहीये, काका," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी माझं काम करतेय."

भैय्यालालनी पाय पुढे केला. त्यांनी असं लगेच कसं ऐकलं, याचं यशदीपला फार नवल वाटलं.

बोटाच्या बुडाशी दोन इंजेक्शनं देऊन बाईंनी रुतलेली नखाची कडेची पट्टी काढली, पू धुतला, पट्टी बांधली. मग ट्रेमधला तो काटा त्यांना दाखवला. तांदळाच्या दाण्याएवढा होता. "हा आत होता. आणखी पंधरा दिवस काढले असते, तर मी बोट वाचवू शकले असते की नाही, सांगता येत नाही. अजूनही पूर्ण बाहेर पडलेलो नाही आपण. रोज धुवायचं, कोरडं करायचं, मलम, नवी पट्टी. लाली वर चढली किंवा ताप आला तर तडक यायचं. आणि नखं यापुढे सरळच कापायची. घरी कोण करणार हे?"

"मीच करीन," भैय्यालाल म्हणाले.

"तुम्हीच केलंत, म्हणून तर इथे आलात."

तरी घरी आल्यावर त्यांनी स्वतःच केलं. पहिल्या दिवशी पट्टी सुटली. दुसऱ्या दिवशी धुताना पाणी आत राहिलं आणि मलम शेजारच्या बोटाला लागलं, कारण जखम त्यांना दिसतच नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी अंगठ्याच्या बुडाशी पुन्हा लाली आली. बोट जाईल, हे त्यांना कळत होतं. बोटामागून पाय जातो, हेही त्यांनी पाऱ्यात दोन घरी पाहिलं होतं. पण सून पायाशी बसली आहे आणि आपण खाटेवर, हे चित्र डोळ्यांपुढे आलं की बापाचा चेहरा दिसे. तो मालगुजाराच्या ओट्यापुढे वाकलेला बाप. बोट गेलं तर गेलं, असं ते स्वतःला सांगत होते.

तेवढ्यात रीना कोमट पाण्याचा टब घेऊन आली. मागोमाग पाट आणि स्वच्छ टॉवेल. ती सरळ समोर बसली.

"नाही बेटा. उठ तू."

"बाबा, डॉक्टर ने बोला है."

"मी करतो ना. तुले नाही करू देणार मी. कोणाच्याच पोरीले नाही."

रीना उठली नाही. टॉवेल मांडीवर पसरत ती म्हणाली, "मम्मी का भी तो मैं ही करती थी."

भैय्यालालना कळलं नाही. "काय करत होती?"

"नाखून. पैर के. चार साल."

त्यांना वाटलं, पोरगी समजूत घालायला काहीतरी सांगते आहे. "ते तं माहे नखं कापे. शेवटच्या मंगळवारपर्यंत. तिचे तू काहून कापशील?"

"आपका पैर तो वो गोद में ले लेती थीं, बाबा. अपने पैर तक झुक नहीं पाती थीं. घुटने, कमर, आपको पता ही है." रीना पाण्यात हात घालून ऊब बघत होती. "एक दिन आँगन में अकेली कोशिश कर रही थीं, लुढ़क गईं. मैंने देख लिया. तब से मंगल को दोपहर में, जब आप सो जाते थे, मैं काट देती थी. बोलती थीं, त्याईले सांगू नको. सुनेंगे तो बंद करवा देंगे."

बाहेर रस्त्यावरून उरल्याच्या कारखान्यांकडे जाणारा ट्रक गेला, भांडी थरथरली.

"मंग मले काहून नाही म्हणे?" ते शेवटी म्हणाले. "मी कापून दिले असते."

रीना खोटं बोलणारी मुलगी नव्हती. "मैंने भी पूछा था. हँसने लगीं. बोलीं, इतक्या वर्षांत त्याईले सुचलं नाही, आता काय सांगू."

पायाला हात लावणारा लहान होतो आणि लावून घेणारा मोठा होतो, म्हणून कुणीच कुणाचा पाय धरायचा नाही. असा तो कायदा. भैय्यालालनी तो जन्मभर पाळला, त्यापायी कूलरवर आपटले, मुलावर ओरडले. आणि तीस वर्षं, दर मंगळवारी, खाटेवर बसून एका बाईच्या मांडीवर पाय ठेवला, आणि दुसऱ्या बाजूने तसंच करायला हवं, हे एकाही मंगळवारी त्यांच्या मनात आलं नाही. त्यांना अंजनाबाई आठवायच्या त्या वरून दिसणाऱ्या. खाली घातलेली मान, काळ्याचा करडा आणि करड्याचा पांढरा होत गेलेला भांग. त्यांनी डोळे मिटून तिचे पाय आठवायचा प्रयत्न केला. चपला आठवल्या. पैंजण आठवले, लग्नातले. पाय आठवेनात.

"कशे होते?" त्यांनी विचारलं.

"क्या, बाबा?"

"तिचे नखं."

"अच्छे थे. अंगूठा चौड़ा था. बाएँ पैर की छोटी उँगली का नाखून बीच से फटा हुआ था, बचपन से. साड़ी में अटकता था. उसको मैं बहुत सँभाल के काटती थी."

अडतीस वर्षांच्या संसारात हे त्यांना ठाऊक नव्हतं. भैय्यालाल रडले, उघडपणे, खांदे हलवून, सुनेसमोर. रीनाने त्यांना रडू दिलं. पाणी निवत चाललं तशी ती उठली, स्वयंपाकघरातून गरम पाण्याचं भांडं आणून टबात ओतलं आणि पुन्हा येऊन बसली.

भैय्यालालनी डोळे पुसले, उजवा पाय उचलला आणि आपल्या हाताने तिच्या मांडीवर ठेवला.

"डाव्या पायाची म्हणाली ना?" त्यांनी विचारलं. "फाटलेलं नख."

"हव, बाबा. बाएँ की."

"बरं," ते म्हणाले, आणि तिने पट्टी सोडायला घेतली.